शिरेपासून पहिल्या फिरकीपर्यंत

डेंग्यूची साथ आली की माळशिरस तालुक्यातल्या घराघरांत एकच प्रश्न असतो : प्लेटलेट किती? आकडा घसरला की नातेवाईक अकलूज गाठतात, तिथे भागले नाही तर सोलापूर किंवा पुणे. हा आकडा ज्या सेल काउंटरमधून निघतो तो ढोबळमानाने आकारावरच निवाडा करतो. एका मापात बसली ती प्लेटलेट, त्याहून मोठी ती तांबडी पेशी. त्या मापाखाली जे उरते त्याला यंत्र मोजतच नाही. त्याच्या लेखी तो गोंगाट असतो. या लेखाचा विषय तो गोंगाट आहे. रक्तातल्या प्लेटलेट, तांबड्या आणि पांढऱ्या पेशी आपल्या आवरणाचे बारीक बारीक तुकडे सतत बाहेर सोडत असतात. हे तुकडे फाटके नसतात. ते पुन्हा बंद होऊन त्यांच्या चिमुकल्या पिशव्या बनतात आणि आत पेशीतली प्रथिने, कधी आरएनएचे तुकडे, तांबड्या पेशीच्या बाबतीत हिमोग्लोबिनही असते. त्यांना पुटिका म्हणू. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, प्लेटलेट दोन-तीन मायक्रॉनची, तर पुटिका साधारण तीस नॅनोमीटरपासून एक मायक्रॉनपर्यंत. त्यातल्या बहुतेक साध्या सूक्ष्मदर्शकाच्या कुवतीपलीकडच्या.

त्यांची चाहूल मात्र जुनी आहे. १९४६ साली एर्विन चारगाफ आणि रँडॉल्फ वेस्ट यांनी प्लाझ्मा अतिवेगाने फिरवला तेव्हा तळाला बसलेल्या साक्यात रक्त गोठवण्याची शक्ती सापडली. १९६७ साली पीटर वुल्फ या संशोधकाने दाखवले की तो साका प्लेटलेटमधून येतो; त्याने त्याला प्लेटलेटची धूळ म्हटले. पुढे १९८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या रोझ जॉनस्टोन मेंढीच्या अपरिपक्व तांबड्या पेशी पाहत होत्या. पक्व होताना ती पेशी लोह आत घेणारे, आता नको झालेले रिसेप्टर पुटिकांत भरून बाहेर टाकते, असे त्यांना दिसले. म्हणजे सुरुवातीची समजूत केर-कचऱ्याचीच होती. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गटाने एका पेशीच्या पुटिकेतला आरएनए दुसऱ्या पेशीत जाऊन कामाला लागतो असे दाखवले आणि मग सगळ्या जगाची झुंबड उडाली. कर्करोगापासून गर्भपातापर्यंत प्रत्येक आजाराची खूण पुटिकांत शोधली जाऊ लागली. पुटिकांच्याच ‘एक्सोसोम’ या नावाने चेहरा उजळवणारी उत्पादनेही बाजारात आली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर डिसेंबर २०१९ मध्ये लोकांना सावध केले की असे एकही उत्पादन आपण मंजूर केलेले नाही.

या गर्दीत एक मुद्दा मागे पडतो, आणि मला तोच मुख्य वाटतो. रक्तातल्या पुटिकांच्या अभ्यासात निकाल खरा की खोटा हे बऱ्याच अंशी महागड्या यंत्रापाशी ठरत नाही. शिरेत सुई गेल्यापासून नळी पहिल्यांदा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरेपर्यंतच्या तास-दोन तासांत ते ठरून गेलेले असते. हे जर खरे असेल, तर या शास्त्राच्या नकाशावर माळशिरससारखे तालुक्याचे गाव काठावर पडत नाही. उलट त्याच्यावाचून हे शास्त्र फक्त शहरी रक्ताचे शास्त्र होऊन बसेल.

असे का, ते नळीजवळ जाऊन पाहावे लागते. लॅब टेक्निशियन दंडाला पट्टा बांधतो, शीर चाचपतो, सुई घालतो. पट्टा फार वेळ आवळून ठेवला, सुई बारीक घेतली किंवा सिरिंजचा दांडा जोरात ओढला, तर पेशींवर ताण येतो. ताणलेली प्लेटलेट चिडते आणि चिडलेली प्लेटलेट पुटिका सोडते. पहिल्या थोड्या रक्तात सुईने फोडलेल्या भिंतीतला मालमसाला उतरतो, म्हणून ते रक्त पुटिकांसाठी वापरायचे नाही. नळी कोणती, हेही महत्त्वाचे. लाल टोपणाच्या नळीत रक्त गोठू दिले की गोठतानाच प्लेटलेट पुटिकांचा पाऊस पाडतात. सीरममध्ये मोजलेल्या पुटिकांपैकी कित्येक रुग्णाच्या अंगात कधी नव्हत्याच, त्या नळीत जन्मल्या. म्हणून सायट्रेटची, निळ्या टोपणाची नळी. ती भरल्यावर अलगद उलटीपालटी करायची, हलवून घुसळायची नाही, आणि उभीच ठेवायची. आंतरराष्ट्रीय रक्तगोठण संघटना, म्हणजे आयएसटीएच, हिच्या पुढाकाराने अनेक प्रयोगशाळांनी मिळून या गोष्टी तपासल्या. २०१३ साली छापलेल्या निष्कर्षांत त्यांनी सर्वांत जास्त बोट ठेवले ते वाहतुकीत नळीला बसणाऱ्या हादऱ्यांवर, पहिल्या फिरकीला लागलेल्या वेळेवर आणि नळी एकदा फिरवली की दोनदा यावर. यंत्राचा ब्रँड त्या यादीत वर नव्हता.

आता हे माळशिरसला लावून बघा. तालुक्याच्या गावातून विशेष तपासण्यांचे नमुने पुण्या-मुंबईला जातात, ही रोजची रीत आहे. पालखी मार्ग रुंद झाला तरी पुणे तीन तासांच्या आत येत नाही आणि सोलापूरही दोन तासांत गाठणे अवघडच. नळी थर्माकोलच्या डब्यात, डबा गाडीच्या मागच्या सीटवर, वाटेत गतिरोधक. थायरॉइडच्या आकड्याला याने फार फरक पडत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पुटिकांच्या बाबतीत मात्र तीन तास हिंदकळलेली नळी पुण्यात पोचते तेव्हा तिच्यात रुग्णाइतकाच रस्ताही मिसळलेला असतो. बर्फात घालून पाठवू म्हणावे तर गारठ्याने प्लेटलेट आणखी चिडतात. न फिरवता सरळ गोठवून पाठवू म्हणावे तर तो सर्वांत वाईट उपाय : रक्तात राहिलेल्या प्लेटलेट वितळताना फुटतात आणि त्यांची शकले यंत्राला पुटिकाच वाटतात. एकच वाट उरते. पहिली फिरकी गावातच झाली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : तालुक्याच्या लॅबमध्ये तसली यंत्रसामग्री कुठून येणार? उत्तर कागदावर गणित मांडून देता येते. शिफारस आहे ती २,५०० जी इतक्या बळाने पंधरा मिनिटे, वरचा प्लाझ्मा तळाला धक्का न लावता काढून पुन्हा तेवढेच. लॅबच्या भिंतीवरच्या चिठ्ठीवर मात्र लिहिलेले असते ‘३००० आरपीएम, १० मिनिटे’. आरपीएम म्हणजे फेऱ्या, जी म्हणजे पेशीवर पडणारे बळ, आणि या दोहोंत दुवा आहे तो यंत्राच्या त्रिज्येचा. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या यंत्रात ३,००० फेऱ्यांना सुमारे १,००० जी बळ मिळते, पंधरा सेंटिमीटरच्या यंत्रात सुमारे १,५००. म्हणजे एकाच चिठ्ठीवरून दोन लॅबमध्ये दोन वेगळे प्लाझ्मा तयार होतात आणि दोन्हींत प्लेटलेट उरतात. पंधरा सेंटिमीटरच्या यंत्रावर २,५०० जीसाठी सुमारे ३,८६० फेऱ्या लागतात. टेबलावरच्या साध्या सेंट्रिफ्यूजला तो वेग पेलतो. लागते ती एक पट्टी, गुणाकार आणि यंत्र थांबताना ब्रेक बंद ठेवण्याची सवय, कारण झटक्यात थांबले की बसलेला थर परत ढवळला जातो. याला तंत्रज्ञानाचा अभाव कसा म्हणायचा? भिंतीवरची चिठ्ठी चुकीच्या एककात लिहिली आहे, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. यंत्रे दरवर्षी तल्लख होत आहेत. उद्याचे यंत्र खऱ्या पुटिका आणि नळीतल्या शकलांमधला भेद आपोआप ओळखेल, मग ही सगळी कटकट कशाला? याला उत्तर द्यायचे तर यंत्र काय पाहते ते आधी समजून घ्यायला हवे. फ्लो सायटोमीटरमध्ये एकेक कण लेझरसमोरून जातो आणि त्याने विखुरलेला प्रकाश मोजला जातो. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणांच्या बाबतीत हा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने घटतो : व्यास निम्मा झाला की प्रकाश चौसष्टांश. म्हणून लहान पुटिका दिसतच नाहीत. मापाला लावतात ते प्लास्टिकचे मणी पुटिकांपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश विखुरतात, त्यामुळे मण्यांवर आखलेली ‘अर्ध्या मायक्रॉनची’ रेषा पुटिकांसाठी खरे तर बरीच वर असते. आणखी एक फसगत २०१२ साली ॲमस्टरडॅमच्या गटाने उघड केली. लेझरच्या झोतात एकाच क्षणी अनेक लहान पुटिका असतील तर यंत्र त्या सगळ्यांचा मिळून एक कण नोंदवते. हे ओळखायची युक्ती साधी आहे. नमुना दहापट पातळ करा. मोजणी दहापट उतरायला हवी आणि एकेका कणाची चमक तेवढीच राहायला हवी. चमकच उतरली तर यंत्र गर्दी मोजत होते. नॅनो ट्रॅकिंग हे दुसरे तंत्र द्रवात थरथरणाऱ्या कणांचे चित्रण करते आणि थरथर जितकी जास्त तितका कण लहान, असा हिशेब मांडते. आकार त्यात बरा कळतो; पण थरथरणारी वस्तू पुटिका आहे की चरबीचा थेंब, हे कळत नाही.

चरबीचा प्रश्न इथे फार मोठा आहे. प्लाझ्मात कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण पुटिकांच्या कित्येक हजार पटींनी जास्त असतात. एचडीएलचे कण दहा नॅनोमीटरच्या आसपासचे, पण घनतेने पुटिकांसारखे. व्हीएलडीएल आणि जेवणानंतर येणारे कायलोमायक्रॉन हलके, पण आकाराने पुटिकांसारखे. घनतेने वेगळे करायला जा, एचडीएल सोबत येते. आकाराने गाळायला जा, म्हणजे सेफॅरोजच्या स्तंभातून प्लाझ्मा सोडा, तर पुटिकांच्याच पहिल्या थेंबांत व्हीएलडीएल उतरते. दोन्ही चाळण्या एकामागून एक लावाव्या लागतात आणि प्रत्येक चाळणीत माल घटतो. एक लाख जीवर तासन्‌तास फिरवून साका काढण्याची जुनी रीत अजून चालते. त्या साक्यात पुटिका असतात आणि पुटिका नसलेलेही पुष्कळ काही असते. मग खात्री कशी करायची? साबणासारखे एक रसायन, ट्रायटन, थोडेसे घालायचे. पुटिकेचे आवरण स्निग्ध, ती विरघळते आणि मोजणी शून्याकडे जाते. जे तरीही मोजले जाते ते दुसरेच काहीतरी होते : प्रथिनांची गाठोडी, क्षारांचे कण. पुटिकांच्या आवरणावरच्या फॉस्फॅटिडिलसेरिन या स्निग्ध पदार्थाला चिकटणारे ॲनेक्सिन हे प्रथिन वापरतात तेव्हा कॅल्शियम घालावे लागते. आणि द्रावण फॉस्फेटचे असेल तर कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. ॲनेक्सिन त्यांनाही चिकटते. पडद्यावर ठिपक्यांचा सुंदर ढग दिसतो आणि त्याचा रक्ताशी काही संबंध नसतो. हे सगळे दोष पकडता येतात, हे यंत्रांचे आणि ती वापरणाऱ्यांचे श्रेय. पण नळीत फुटलेल्या प्लेटलेटची पुटिका ही खरोखरची पुटिका आहे. तिला आवरण आहे, प्लेटलेटची खूण आहे, ट्रायटनने ती विरघळते. ती अंगात जन्मली की नळीत, हे तिच्यावर कुठेही लिहिलेले नसते. कितीही तल्लख यंत्र आणले तरी ते नसलेली खूण वाचणार नाही.

प्रयोगशाळेतल्या पेशी वाढवून त्यांच्या पुटिका गोळा करणाऱ्यांना हा त्रास बराच कमी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, वैजयंती काळे यांच्या गटाने २०१८ साली दाखवले की तरुण मेसेन्कायमल पेशींच्या पुटिका उंदरांतल्या वृद्ध रक्तजनक पेशींना पुन्हा तरतरी देतात. नावाजण्याजोगे काम. तिथे पेशींचे वय, खाद्य, वेळ सगळे संशोधकाच्या हातात असते. खाद्यातल्या गाईच्या सीरममध्येही पुटिका असतात, त्या आधी काढाव्या लागतात, पण तेवढेच. माणसाच्या शिरेतून आलेल्या रक्ताला अशी शिस्त लावता येत नाही. मुंबईत परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतल्या रुचा पाटील, कांजाक्ष घोष आणि श्रीमती शेट्टी यांनी पूर्णिमा सातोस्कर यांच्यासह हेच अवघड रक्त हाती घेतले. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांत रक्तवाहिनीच्या अस्तरातून सुटलेल्या आणि रक्त गोठवण्याकडे ओढणाऱ्या पुटिका वाढलेल्या असतात, असे त्यांनी २०१३ मध्ये मांडले. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. प्रश्न स्त्रियांच्या दुःखाचा होता आणि उत्तर फ्लो सायटोमीटरमधून शोधायचे होते, तरी असल्या प्रत्येक अभ्यासाचा पाया दोन गटांची तुलना हाच असतो. त्या तुलनेचा अर्थ लागायचा तर दोन्ही गटांचे रक्त एकाच तऱ्हेने निघाले पाहिजे.

इथून तिसरा आक्षेप. नमुने भरपूर घेतले की अशा किरकोळ चुका एकमेकींना खोडून काढत नाहीत का? चुका इकडे-तिकडे विखुरलेल्या असत्या तर खोडल्या असत्या. रस्त्याची चूक एकाच दिशेला असते. ती पुटिका वाढवतेच. समजा रुग्ण माळशिरस, सांगोला, माणसारख्या तालुक्यांतून आले आणि निरोगी म्हणून घेतलेले लोक संस्थेच्याच आवारात रक्त देऊन गेले. रुग्णांच्या नळ्या तीन-चार तासांनी फिरल्या, निरोग्यांच्या वीस मिनिटांत. फरक ठळक येईल, संख्याशास्त्र त्यावर शिक्का मारेल, आणि मोजले गेले असेल ते अंतर. नमुने दसपट केले तर ही चूक दसपट खात्रीने सिद्ध होईल. माणसाच्या दिवसाचाही असाच परिणाम होतो. जोरदार श्रमाने रक्तातल्या पुटिका काही काळ वाढतात, जेवणाने चरबीचे कण वाढतात. आषाढात नातेपुत्याहून सदाशिवनगरचे रिंगण करत माळशिरसच्या मुक्कामी पोचलेल्या वारकऱ्याचे रक्त आणि सकाळी उपाशीपोटी खुर्चीत बसलेल्या कारकुनाचे रक्त एका तक्त्यात शेजारी मांडायचे नसते. शहरातल्या संशोधकाला हे ठाऊक असते. पण नमुना त्याच्याकडे येतो तेव्हा माणूस मागे राहिलेला असतो, फक्त नळी येते.

चौथा आक्षेप मुळावरच घाव घालतो : या पुटिका नुसता केर असतील तर एवढा खटाटोप कशाला? स्कॉट सिंड्रोम नावाचा दुर्मीळ आजार याला थोडे उत्तर देतो. त्यात प्लेटलेट फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर काढू शकत नाहीत, पुटिकाही सोडू शकत नाहीत आणि रुग्णाला रक्तस्राव होतो. उत्तर थोडे म्हणतो, कारण दोन्ही गोष्टी एकदमच गेल्यामुळे नेमका दोष कोणाचा हे सुटे करता येत नाही. उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो लपवू नये. रक्तपेढीतल्या पिशवीत दिवस जातील तशा तांबड्या पेशी पुटिका सोडत राहतात. त्यांतले हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, असे प्रयोगशाळेत दिसते. मग जुने रक्त घातक ठरायला हवे होते. २०१५ च्या एबल आणि २०१६ च्या इन्फॉर्म या मोठ्या चाचण्यांत, दुसरीत तर २० हजारांहून अधिक रुग्ण होते, ताज्या आणि साठवलेल्या रक्ताने मृत्यूंत फरक पडला नाही. माझ्या मते याचा अर्थ एवढाच निघतो की पुटिकांची संख्या वाढणे म्हणजे अपाय होणे नव्हे. संख्येवरून निष्कर्ष काढणाऱ्यांनी हे टेबलासमोर टांगून ठेवावे. पण निरोगी तांबडी पेशीही आपल्या १२० दिवसांच्या आयुष्यात सुमारे २० टक्के हिमोग्लोबिन पुटिकांवाटेच घालवते. एवढी मोठी उलाढाल निव्वळ केर म्हणून बाजूला सारणे धाडसाचे आहे.

आणि जिथे ही उलाढाल बिघडते ते आजार शहरांत राहत नाहीत. सिकल पेशी वाकताना-सुटताना आवरण गाळत राहते आणि त्या पुटिका रक्त गोठवण्याला हातभार लावतात. सिकलचा हा आजार गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या आदिवासी भागात आहे. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले, आयसीएमआरने चंद्रपूरला रक्तविकारांचे केंद्रही उभारले आहे. तरी गावापासून चंद्रपूरही दूरच पडते. माळशिरसमध्ये सिकलचा प्रश्न तितका नाही, डेंग्यूचा आहे. डेंग्यूने चिडलेल्या प्लेटलेटच्या पुटिका आजार गंभीर करतात असे २०१९ मध्ये उंदरांवर दिसले. माणसांत ते तपासायचे तर आजाराच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसाचे रक्त हवे, आणि त्या दिवशी रुग्ण पुण्यात नसतो, इथेच सलाइनवर असतो. दोनदा फिरवलेला प्लाझ्मा ठेवायचा कुठे, हा प्रश्न खरा आहे. उणे ऐंशीचा फ्रीझर तालुक्याला परवडत नाही आणि वीज बेभरवशाची. पण उणे १९६ अंशांचा द्रवरूप नायट्रोजन या दुधाच्या पट्ट्याला नवा नाही. संकरित गाईंच्या कृत्रिम रेतनासाठी तो कंटेनरमधून गावोगाव फिरतो, कोणत्या दिवशी भरायचा हे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या शिपायालाही पाठ असते. त्याच कंटेनरात माणसाचे नमुने कोंबा असे कोणी म्हणणार नाही. पण गाईच्या वीर्याच्या कांड्यांसाठी जी साखळी वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते, ती माणसाच्या प्लाझ्मासाठी अशक्य म्हणणे पटत नाही.

राहिला खर्च. संशोधनाच्या प्रस्तावात यंत्र मागणे सोपे असते. ते दिसते, त्याचे उद्‌घाटन होते. टेक्निशियनला दोन दिवस शिकवून त्याच्या वेळेचा मोबदला देणे, ही बाब कोणत्या रकान्यात घालायची इथपासून घोळ. २०२३ मध्ये रक्तातल्या पुटिकांवर काम करणाऱ्यांनी एमआयब्लड-ईव्ही नावाची नोंदींची चौकट सुचवली. तिचा रोख रक्त काढण्यापासून साठवण्यापर्यंत काय काय घडले ते लिहून ठेवण्यावर आहे. तालुक्याच्या लॅबमधून नमुन्यासोबत जाणारी चिठ्ठी त्या तुलनेत बघावी. तिच्यावर नाव, वय, लिंग, डॉक्टरांचे नाव आणि तपासणी एवढे असते. कोणत्या सुईने रक्त काढले, पहिले रक्त बाजूला ठेवले का, किती वाजता काढले आणि किती वाजता फिरवले, यंत्राची त्रिज्या किती, प्लाझ्मा लालसर होता का, फिरवल्यानंतर किती प्लेटलेट उरल्या, हे सहा रकाने छापायला पैसे पडत नाहीत. शेवटचा रकाना तर तोच सेल काउंटर भरून देईल जो डेंग्यूच्या रुग्णाच्या प्लेटलेट मोजतो. फक्त या वेळी आकडा शून्याच्या जितका जवळ तितका नमुना चांगला.